पिंजाऱ्याची दाढी आणि माझे केस

माझ्या केसांवरून जगात भांडण लागलं तेव्हा मी ओट्यावर बसून उडीद निवडत होते. भाची, दादाची पोरगी, आतून धावत आली, हातात मोबाइल. म्हणाली, "आत्या, तू व्हायरल झाली!" मला वाटलं, कोणता नवा ताप आला का काय. नुकती टायफॉइडमधून उठले होते मी.

झालं होतं असं. तापात केस झडले म्हणून भावजयीनं कात्री घेऊन मुळापाशी कापून टाकले. पुढं दोन-तीन महिने त्यांना काळं लावायचं त्राण नव्हतं. नवे केस आले ते आपल्या खऱ्या रंगाचे, म्हणजे तांबडे. भुरे नाहीत, तपकिरी नाहीत. नव्या तांब्याच्या घागरीसारखे. भाची कृषी शिकते, सुट्टीत घरी आलेली. वेचणीच्या दिवशी मी बांधावर उघड्या डोक्यानं बसले होते, ऊन मागून येत होतं, तिनं फोटो काढला आणि फेसबुकवरच्या कुठल्याशा मोठ्या गटात टाकला. खाली लिहिलं, 'माझी आत्या. जन्मजात लाल केस. जिल्हा बुलडाणा.'

बस, एवढ्यावर मंडळी तुटून पडली. एक म्हणे, फोटो खोटा. दुसरा म्हणे, आर्य बाहेरून आले त्याचा हा जिवंत पुरावा. तिसऱ्यानं त्याला झोडपलं, की आर्य बाहेरून आलेच नाहीत, आणि मग ते दोघं दिवसभर माझ्या डोक्यावर बसून भांडले. कोणी मला इराणी केलं, कोणी पठाण. कोणी म्हणे, हिची जात विचारा आधी. परदेशातल्या एका पोरीनं लिहिलं, की लाल केस ही आमच्या लोकांची ओळख आहे, आमची त्यापायी शाळेत चेष्टा झाली, इतरांनी ते रंगवून मिरवू नयेत. भाचीनं मला मराठीत सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "ने म्हणा बाई, तुझी ओळख तू ने. चेष्टाबी ने. माझ्याकडची दोन्ही देते."

हसले मी तोवर. मग भाची वाचता वाचता थांबली. मी म्हटलं, वाच. तिनं मोबाइल खाली केला. मी हिसकून घेतला. एकानं लिहिलं होतं, 'गावात कोण साहेब आला होता ते हिच्या आईला विचारा.' खाली पन्नास जण हसले होते.

आई आत खाटेवर पडली होती, माझ्यापासून दहा पावलांवर. ऐंशी पार. कान शाबूत. "काय झालं वं?" तिनं आतून विचारलं. मी म्हटलं, "काई नाई माय, भाव पडले कापसाचे." ते तर रोजचंच होतं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

तिला विचारून झालेलं होतं. सारं गाव विचारून बसलं होतं, फेसबुकच्या कितीतरी आधी.

आमचं गाव पिंपळगाव राजाच्या बाजूला. दिवाळी झाली, थंडी पडली की खामगावहून एक पिंजारी यायचा, खांद्यावर धुनकी घेऊन. धुनकी म्हणजे कापूस पिंजायचं ते मोठं धनुष्य, तिची तार वाजली की पोरं जमायची. आमच्या अंगणात कडुनिंबाची सावली मोठी, म्हणून तो तिथंच बसायचा आणि साऱ्या गावाच्या गाद्या-रजया तिथं व्हायच्या. वयानं माझ्या आजोबांएवढा. आईला 'बेटी' म्हणायचा. आई त्याला पाणी द्यायची, चहा द्यायची. आणि त्याची दाढी होती लाल. मेंदी लावायचा तो दाढीला.

मी पुढच्या पावसाळ्यात जन्मले. दादा माझ्याआधीचा, त्याचे केस काळे कुळकुळीत. आईचे काळे, बाबांचे काळे. आणि माझं डोकं असं. लोकांनी बोटं मोजली.

आता सांगा, याला काय म्हणायचं? मेंदी लावलेली दाढी पोरीच्या डोक्यात उगवते का कधी? मेंदी लावलेल्या हाताच्या बाईला लाल हाताची लेकरं होतात का? पण एवढा साधा विचार गावात एकालाही सुचला नाही. त्या म्हाताऱ्याचे खरे केस तर कधीच पांढरे झालेले असतील. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि तो मुसलमान, म्हणून तर टाळ्याला जीभ आणखीच लवकर लागली.

सगळ्यात जास्त बोलली माझी आजी, बाबांची आई. परकी असती तर समजलं असतं. पण आमच्याकडं मामाची पोरगी करतात, आणि आई बाबांच्या सख्ख्या मामाची पोरगी. म्हणजे ही सासू आईची सख्खी आत्या. भावाची पोर हौसेनं सून करून आणली होती तिनं. आपलेच दात, आपलेच ओठ. माझ्या डोक्यावरून हात फिरवायची आणि शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणायची, "खाण तशी माती म्हंतेत बाप्पा. हे माती कोन्या खाणीतली हाय, देवाले माहीत." पुढच्या हिवाळ्यात पिंजारी आला तर तिनं त्याची धुनकी उचलून रस्त्यावर ठेवली. त्यानं म्हणे धुनकी खांद्याला लावली आणि गेला, तो पुन्हा आमच्या गावात आला नाही. तेव्हापासून गावाच्या गाद्या खामगावला न्याव्या लागायच्या.

बाबा? बाबांनी एक शब्द काढला नाही. आईला कधी हात लावला नाही, घालूनपाडून बोलले नाहीत, मला खांद्यावर घेऊन बाजारात नेलं. पण आजी बोलायची तेव्हा उठून गोठ्यात जायचे. 'माय, चूप बस' एवढंच म्हणायचं होतं. तेवढं म्हटलं नाही आयुष्यभर. मला त्याचा राग अजून आहे. आईला राग नव्हता, तिला फक्त कळत नव्हतं, त्यांच्या मनात काय आहे ते. जेवायला वाढताना त्यांच्या तोंडाकडं बघायची. तेवढंच एक तिला कळून घ्यायचं होतं, बाकी गाव गेलं खड्ड्यात.

आईनं मग एक वेडेपणा केला. माझे केस तिच्यावर गेलेत असं दिसावं म्हणून तिनं स्वतःच्या केसांना मेंदी लावायला सुरुवात केली. दर शनिवारी. झालं, गावाला आयतंच सापडलं. म्हणे, त्या बुढ्याच्या आठवणीत लावते. विहिरीवर आईच्या ते कानावर आलं, तिनं घरी येऊन डोकं तीन वेळा धुतलं. मेंदी धुवून जाते का अशी? मग तिनं बाजू बदलली. मी शाळेत जायच्या वयाची झाले तेव्हापासून माझ्या डोक्याला काळं. आधी तेलात काजळ कालवून, त्यानं उश्या आणि शाळेचा सदरा खराब व्हायचा. नंतर दुकानातली पुडी आली, मग बाटली. दर पंधरा दिवसांनी, दार लावून, मोरीत. 'कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राह्यते काय,' असं बाहेरून शेजारीण ओरडायची. आई माझ्या मानेवरचा काळा ओघळ पुसत राहायची.

एकदा खामगावच्या बाजारात आम्हाला तो पिंजारी दिसला. मी दहा-अकरा वर्षांची. मी ओळखणं शक्यच नव्हतं, आईचा हात घट्ट झाला तेव्हा कळलं. गादीच्या दुकानाबाहेर बसला होता. दाढी पांढरीशुभ्र. मेंदी सोडून दिली होती त्यानं. आईकडं पाहून तो उठला, म्हणाला, "बेटी, खैरियत?" आईनं पदर तोंडावर ओढला आणि मला खेचत दुसऱ्या गल्लीत नेलं. घरी येईपर्यंत रडत होती. तो म्हातारा तिचं कुशल विचारत होता आणि तिला उत्तर देता आलं नाही, हे ती मरेपर्यंत विसरली नाही.

माझं लग्न झालं, मलकापुराकडं. नवरा चांगला होता, मी पहिल्यांदा केस धुतले तेव्हा त्याला कळलं आणि तो फक्त हसला. पण जगला नाही बिचारा. लेकरू नव्हतं. मी माहेरी आले, अंगणवाडीत लागले. तिथल्या पुस्तकात कुपोषणाच्या लक्षणांत लिहिलेलं, 'केस लालसर व विरळ'. ट्रेनिंगला बाई वाचत होत्या आणि मी काळ्या केसांनी खाली मान घालून बसले होते.

मग बीटी कापूस आला. आमच्या शिवारात एका बियाणे कंपनीचा प्लॉट लागला, आई-बाबा दोघंही तिथं मजुरीनं जायचे, सुट्टी असली की मीही. बियाणं तयार करायचं काम सगळं बायांच्या बोटांचं. प्लॉटात मादीच्या ओळी वेगळ्या, नराच्या वेगळ्या. संध्याकाळी मादीची कळी धरायची, पाकळ्या आणि आतला पराग नखानं खुडून टाकायचा, खूण बांधायची. सकाळी नराचं फूल आणून त्या कळीवर घासायचं. कोणत्या बोंडाचा बाप कोण, याची तिथं एवढी काळजी, की मला हसू यायचं. आईचा हात सगळ्यांत चलाख.

बाबांचं काम भेसळ काढायचं. ओळीत वेगळं झाड दिसलं, की उपटायचं, नाही तर बियाणं नापास. एके दिवशी सुपरवायझर बांधावरून ओरडला. लाल पानांचं एक झाड ओळीत तसंच उभं होतं आणि बाबा पुढं गेले होते. "काऊन, दिसलं नाई का बाबाजी?" बाबा म्हणाले, "दिसलं." एवढंच. सुपरवायझरनं स्वतः उपटलं. त्या 'दिसलं'वर मी आणि आईनं पुढं किती वर्षं घासाघीस केली. आई म्हणायची, त्यायले दया आली. मी म्हणायची, त्यांना कंटाळा आला होता. खरं काय ते त्यांचं त्यांना ठाऊक.

त्याच दिवशी आईनं त्या सुपरवायझरला विचारलं, "साहेब, झाडावरून त्याचा बाप कोन हे कळते काय?" तो म्हणाला, "कळते ना. पानाचा तुकडा लॅबमध्ये पाठवला की कळते." घरी येताना आईनं मला विचारलं, "मानसाचंबी कळते काय वं?" मी म्हटलं, कळतं, मोठ्या शहरात. ते तिनं गाठीला बांधून ठेवलं.

पुढं ज्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं सारा तालुका पोखरला, त्या वर्षी बाबांनी अंथरूण धरलं. पाकिटावर लिहिलेलं, अळी येणार नाही; बोंड फोडलं की आत अळी. लोक कृषी केंद्रापुढं बोंडं ओतत होते, ज्याच्या-त्याच्या तोंडी 'बियाण्यातच खोट' हेच. घरी कोणी भेटायला आलं, की तेच बोलायचं, आणि आई ते ऐकून आत जायची. एके दुपारी तिनं मला मोरीत गाठलं. म्हणाली, "ते तपासणी करू आपन. त्यायचा जीव हाय तोपर्यंत. माह्या कानातले घे."

मी तिच्यावर ओरडले. खरं सांगते, ओरडले. "काय लावलं माय? कापूस गेला, मानूस चालला, अन् तुले आता हे सुचते? कोन विचारते आता?" माझी रजा संपलेली, दवाखान्याच्या फेऱ्या, डोकं ठिकाणावर नव्हतं. पण ते काही खरं कारण नाही. मला भीती होती. आई खोटी निघेल अशी नाही, तसं मी कधीच म्हणणार नाही... पण थोडी होती. लिहिलं शेवटी. माझ्याही मनात ती शंका होती. आईनं माझ्याकडं पाहिलं, आणि तिला ते दिसलं असावं, कारण तिनं पुन्हा कधी विषय काढला नाही. बाबा दिवाळीआधी गेले. आजी तर त्याच्या कितीतरी आधी गेली होती.

तर आता त्या फोटोकडं येते. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या चिखलात एका बाईनं शांतपणे लिहिलं होतं. कुठल्याशा कॉलेजात शिकवणारी असावी. तिनं विचारलं होतं, 'यांचे आईवडील नात्यातले होते का?' भाचीनं हो म्हणून लिहिलं, मामाची मुलगी. मग त्या बाईनं सगळं समजावलं. भाची वाचत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. "आत्या, हे मी कॉलेजात शिकले," ती म्हणाली. "वाटाण्यावर शिकले, कापसावर शिकले. तुह्या डोक्यावर मले सुचलंच नाई."

ती सूप घेऊन आईच्या खाटेवर बसली. सुपात काळे उडीद होतेच, तिनं मूठभर मसूर आणले. म्हणाली, "आजी, पाह्य. हरेक मानसाच्या मुठीत दोन दाने. एक मायनं देल्ला, एक बापानं. एकबी उडीद असला, की केस काळे. दोन्ही मसूर आले तरच लाल. आत्याच्या मुठीत दोन मसूर. म्हंजे एक तुह्याकडून आला, एक आबाकडून."

आई बघत राहिली. "अन् माह्याकडं कुठून आला?"

"तुह्या बापाकडून. अन् आबाकडं आला त्यायच्या मायकडून. तुहा बाप अन् आबाची माय सख्खे भाऊ-बहीन. दोघाइच्या मुठीत एकेक मसूर दबून होता, वरून उडीद. घरातल्या घरात सोयरीक झाली, अन् दोन मसूर एका जागी आले."

आईनं सुपातला एक मसूर उचलला. "म्हंजे आत्याबाईच्या मुठीत व्हता हा?" आत्याबाई म्हणजे तिची सासू. जी खाण शोधत फिरली, तिच्याच मुठीत होता. मरेपर्यंत ती ज्याच्या-त्याच्याकडं बोट दाखवत राहिली.

त्या बाईनं खाली हेही लिहिलं होतं, की तपासणीशिवाय शंभर टक्के कोणी सांगू नये, पण असे केस आपल्याकडं फार दुर्मीळ, आणि नात्यातल्या लग्नातच ते बहुधा वर येतात. मला शंभर टक्के नको होते. माझे केस हाच बाबांचा कागद होता, माझ्या डोक्यावर उगवलेला, आणि आम्ही दोघी मायलेकी दर पंधरा दिवसांनी दार लावून त्यालाच काळं फासत होतो. मी मोरीत जाऊन ती बाटली नालीत ओतली आणि खूप रडले.

परत आले तर आई तशीच बसलेली. मी म्हटलं, "माय, तू खरी व्हती." ती म्हणाली, "मले कायले सांगतं वं? मले तं माहीतच व्हतं. सांगायचं व्हतं ते त्यायले." हातातला मसूर सुपात ठेवत म्हणाली, "अन् त्या बुढ्याले. दोघंबी गेले." भाचीनं विचारलं, त्या माणसाला उत्तर लिहू का, ज्यानं घाण लिहिलं. आई म्हणाली, "तो कोन हाय? त्याले कायले?"

रात्री जेवताना तिनं मला एकच सांगितलं. "मी गेली का डोक्यावर पदर घेऊ नको. केस मोकळे ठेवजो. गावाले पाहू दे. अन् कोनी विचारलं तं सांगजो, बापाचे हायेत म्हनून." मी तिच्या गळ्याची शपथ घेतली.

पुढच्या कापसाच्या वेचणीत ती गेली. तिनं सांगितल्याप्रमाणं मी उघड्या डोक्यानं उभी राहिले, दोन्ही दिवस, अंत्ययात्रेला आणि तेरवीला. केस आता मानेपर्यंत आले होते, मधूनमधून पांढरे, बाकी तांबडे. मी वाट बघत होते, कोणीतरी विचारेल. पण विचारणारं कोण होतं? आजीच्या वयाचं गावात कोणी उरलं नव्हतं. शेजारीण गेली, तिच्या सुना होत्या, त्यांना पिंजारी म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. त्या वाढत होत्या, मोबाइल बघत होत्या, कापूस कसा गेला ते बोलत होत्या. फेसबुकवरचं भांडणही केव्हाच दुसऱ्या कोणाच्या अंगणात गेलं होतं.

पंगत उठल्यावर खामगावहून आलेली एक तरुण सून माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या केसांकडं कौतुकानं बघत होती. म्हणाली, "काकू, एक विचारू? कोनती मेंदी लावता हो तुम्ही? रंग लय भारी चढला."

पन्नास वर्षांची सवय. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "खामगावच्या दुकानातली."